दहा डॉलरचा कायदा

१८ सप्टेंबर १८५० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात फीचं एक छोटं कलम होतं. पळून आलेला गुलाम म्हणून पकडलेल्या माणसाला आयुक्ताने मालकाच्या हवाली केलं, तर आयुक्ताला दहा डॉलर मिळायचे. पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडून दिलं, तर पाच. कायद्याचे समर्थक सांगत की परत पाठवायचं म्हटलं की कागदपत्रं जास्त करावी लागतात, म्हणून पैसे जास्त. उत्तरेत हा खुलासा फारसा कुणाला पटला नाही.

बाकीची कलमंही याच तऱ्हेची होती. पकडलेल्या माणसाला ज्यूरीसमोर खटला मागता येत नव्हता आणि स्वतःची साक्षही देता येत नव्हती. मालकाने किंवा त्याच्या मुखत्याराने शपथेवर सांगितलं, की पुरे. मुदतीची मर्यादा नव्हती, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी पळून येऊन संसार थाटलेल्या माणसालाही एका सकाळी बेड्या पडू शकत होत्या. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि केंद्राच्या मार्शलने हाक दिली, तर रस्त्याने चाललेल्या कुठल्याही नागरिकाने पाठलागाला धावणं बंधनकारक होतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल एक समज फार पसरलेला आहे: दक्षिणेकडची राज्यं आपल्या स्वायत्ततेसाठी भांडत होती आणि उत्तरेला केंद्राची सत्ता वाढवायची होती. युद्धाआधीच्या दहा वर्षांचे कागद चाळले, की चित्र उलटं दिसतं. १८५० च्या या कायद्याआधी अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांच्या डोक्यावरून जाऊन सामान्य माणसाच्या दारापर्यंत इतका हात क्वचितच घातला होता, आणि ही मागणी दक्षिणेची होती. विधेयकाचा मसुदा व्हर्जिनियाचे सिनेटर जेम्स मेसन यांचा. राज्यांचे हक्क गुलामगिरीच्या उपयोगी पडले तेव्हा त्यांचा जयघोष झाला, आड आले तेव्हा ते बाजूला ठेवले गेले.

मुळात १७८७ च्या राज्यघटनेतच एक तडजोड होती. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही येऊ दिला नव्हता, पण एका राज्यात ‘सेवेला बांधलेली’ व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळाली, तर ती परत द्यावी असं कलम होतं. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना गुलामांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरले जात, म्हणजे ज्यांना मत नव्हतं त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या जागा वाढत. तेव्हा अनेकांना वाटत होतं की ही प्रथा हळूहळू आपोआप मरेल. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढण्याचं यंत्र आलं आणि कापसाने तो हिशेब मोडून टाकला. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ४० लाखांच्या घरात गेले. १८५० च्या दशकात देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. देशात उरणाऱ्या कापसातला बराच माल मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या गिरण्यांत जात असे, आणि त्या गिरण्यांचे मालक बॉस्टनला राहत.

ही बाब लक्षात घेतली, तर उत्तरेतली सभ्य मंडळी या प्रश्नावर इतकी वर्षं गप्प का होती ते कळतं. त्यांना गुलामगिरी आवडत नव्हती, पण तिच्यावर बोलणं त्याहून आवडत नव्हतं. १८२० मध्ये ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची रेघ ओढून नव्या पश्चिमी मुलखात तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको असं ठरलं होतं. मिझुरी राज्य तेवढं अपवाद. नकाशावर रेघ होती, प्रश्न रेघेपलीकडे होता, लोक आपापल्या कामाला लागले होते. धर्मसंस्थाही याला अपवाद नव्हत्या. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला काम करत होते. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले परतले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याच बोर्डाच्या चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांमधल्या चर्चांत गुलाम बाळगणारे सभासद होते. बोर्ड त्यांना बाहेर काढत नाही म्हणून चिडलेल्या मंडळींनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांच्यातल्या अनेकांना त्याआधी पंचवीस वर्षं हा विषय जेवणाच्या टेबलावरही नको असायचा.

काँग्रेसमध्ये तर तो अधिकृतपणेच नको होता. गुलामगिरीविरुद्ध हजारो अर्ज येऊ लागले, तेव्हा १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ठराव केला: असे अर्ज वाचायचे नाहीत, छापायचे नाहीत, त्यांवर चर्चा करायची नाही. या तोंडबंदीशी एक म्हातारा आठ वर्षं झुंजला. जॉन क्विन्सी ॲडम्स हे माजी राष्ट्राध्यक्ष. ते पद गेल्यावर साधे प्रतिनिधी म्हणून निवडून आलेले. फेब्रुवारी १८३७ मध्ये ते उठले आणि भोळेपणाचा आव आणून अध्यक्षांना विचारते झाले: गुलामांनीच पाठवलेला एक अर्ज माझ्याजवळ आहे, तो या ठरावात बसतो का? सभागृह पेटलं. ॲडम्स यांचा निषेध करा, हाकला, अर्ज जाळा, असा गोंधळ सुरू झाला. तो भरात आल्यावर ॲडम्स यांनी शांतपणे सांगितलं की अर्जदार गुलामगिरी रद्द करा असं म्हणतच नाहीत, त्यांचं मागणं उलट आहे. दक्षिणेच्या सभासदांची ती फजिती वाचून उत्तरेत हसू फुटलं. पण खरा परिणाम वेगळा होता. गुलामगिरीशी काही देणंघेणं नसलेल्या माणसालाही जाणवलं, की तिच्या रक्षणासाठी आता आपला अर्ज करण्याचा हक्क जातो आहे. तोंडबंदी १८४४ च्या डिसेंबरात उठली.

मग मेक्सिकोशी युद्ध झालं, प्रचंड मुलूख हाती आला, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि नकाशावरची रेघ अपुरी पडली. १८५० च्या वसंतात सिनेटमध्ये जे चाललं, त्यात नाट्याची कमी नव्हती. दक्षिणेचे वयोवृद्ध नेते जॉन कॅल्हून यांना बोलण्याची ताकद नव्हती. ते अंगाभोवती झगा लपेटून बसले आणि त्यांचं भाषण मेसन यांनी वाचलं. महिना उलटायच्या आत ते वारले. एप्रिलमध्ये मिसिसिपीच्या हेन्री फूट यांनी भर सभागृहात मिझुरीच्या टॉमस बेंटन यांच्यावर पिस्तूल काढलं. शेवटी स्टीफन डग्लस या इलिनॉयच्या बुटक्या, हुशार सिनेटरने एकगठ्ठा समझोत्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं बहुमत जमवून ते मंजूर करवले. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला आणि दक्षिणेच्या पदरात फरारी गुलामांचा कायदा पडला. त्याला समझोता म्हणायचं ते नावापुरतं. संपूर्ण गठ्ठ्याला मनापासून मत देणारे सभासद फार थोडे होते.

आठ दिवसांतच न्यूयॉर्कमध्ये जेम्स हॅम्लेट नावाच्या कृष्णवर्णीय हमालाला पकडून बाल्टिमोरला नेलं. लोकांनी वर्गणी काढून ८०० डॉलर भरले आणि त्याला विकत घेऊन सोडवलं. हजारो माणसांनी वाट न पाहता कॅनडाची सरहद्द गाठली. बॉस्टनमध्ये फेब्रुवारी १८५१ मध्ये कृष्णवर्णीयांचा जमाव कोर्टात घुसला आणि शॅड्रॅक मिंकिन्सला उचलून घेऊन गेला. सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या क्रिस्तियाना गावी मेरीलँडहून आपले गुलाम शोधत आलेला मालक गोळीबारात मारला गेला, तेव्हा सरकारने तीन डझनांहून जास्त लोकांवर थेट देशद्रोहाचा खटला भरला. पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे, पिठाच्या गिरणीचा गोरा मालक. ज्यूरीने त्याला चटकन निर्दोष सोडलं आणि बाकीचे खटले ढासळले. त्या जूनपासून हॅरिएट बीचर स्टोव यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. पुस्तक निघाल्यावर वर्षभरात अमेरिकेत ३ लाख प्रती खपल्या. कायद्याने चिडून लिहिलेल्या कादंबऱ्या पुष्कळ असतात, पण इतक्या खपत नाहीत.

तरीही १८५४ पर्यंत बॉस्टनच्या पैसेवाल्या वर्गाची भूमिका तीच होती: कायदा वाईट, पण कायदा तो कायदा. ती बदलली अँथनी बर्न्समुळे. विशीतला हा तरुण व्हर्जिनियातल्या रिचमंडहून जहाजात लपून आला होता आणि एका कापडदुकानात नोकरी करत होता. भावाला पाठवलेलं त्याचं पत्र मालकाच्या हाती पडलं. २४ मे १८५४ च्या संध्याकाळी चोरीचा खोटा आळ घालून त्याला रस्त्यात धरलं. तारीख महत्त्वाची आहे. दोनच दिवसांपूर्वी प्रतिनिधिगृहाने डग्लस यांचं कॅन्सस-नेब्रास्का विधेयक ११३ विरुद्ध १०० मतांनी मंजूर केलं होतं. शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची तर तो मुलूख वसवायला हवा, आणि त्यासाठी दक्षिणेची मतं हवीत, असा डग्लस यांचा हिशेब. किंमत म्हणून त्यांनी १८२० ची रेघ पुसून टाकली. गुलामगिरी हवी की नको, ते तिथल्या वस्तीने ठरवावं. ज्या रेघेच्या भरवशावर उत्तर चौतीस वर्षं गप्प राहिली होती, ती रेघच आता नव्हती.

बर्न्सची बातमी अशा शहरात फुटली. २६ मेच्या रात्री जमावाने जाडजूड वासा घेऊन कोर्टाचा दरवाजा फोडला. आतल्या झटापटीत जेम्स बॅचेल्डर नावाचा पहारेकरी मेला आणि बर्न्स आतच राहिला. त्याच्या चर्चचे कृष्णवर्णीय पाद्री लिनर्ड ग्राइम्स यांनी १२०० डॉलर जमवले. मालक चार्ल्स सटल विकायला तयार झाला होता. व्यवहार होत आला असताना केंद्राच्या सरकारी वकिलाने खोडा घातला. एका माणसाच्या सुटकेपेक्षा कायदा चालतो हे दाखवणं वॉशिंग्टनला महत्त्वाचं वाटत होतं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पीअर्स यांनी तारेने तशा सूचना देऊन फौज वापरायला परवानगी दिली. वकील रिचर्ड हेन्री डेना आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस यांनी फी न घेता बाजू मांडली. २ जूनला आयुक्त एडवर्ड लोरिंग यांनी बर्न्सला सटलच्या हवाली केलं.

त्या दुपारी कोर्टापासून बंदरापर्यंत एका माणसाला चालवत न्यायला तोफ, नौसैनिक, घोडेस्वार आणि राज्याची पलटण लागली. सुमारे ५० हजार लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून शिव्या घालत होते. दुकानदारांनी खिडक्यांवर काळं कापड सोडलं होतं आणि एका इमारतीतून रस्त्यावर शवपेटी टांगली होती, तिच्यावर ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेलं. सरकारने कायदा चालवून दाखवला. मॅसॅच्युसेट्समधून त्या कायद्याखाली परत पाठवलेला बर्न्स हा शेवटचा माणूस ठरला. पुढच्या वर्षी राज्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा इतका कडक कायदा केला, की केंद्राचा कायदा तिथे कागदावरच उरला. लोरिंग राज्याचे न्यायाधीशही होते. १८५८ मध्ये त्यांना त्या पदावरून काढलं. बर्न्सला ग्राइम्स यांनी अखेर १३०० डॉलर देऊन सोडवलं. तो ओबरलिनला शिकला आणि कॅनडात पाद्री झाला.

बर्न्सच्या प्रकरणाने हादरलेल्यांत एमॉस लॉरेन्स हे गृहस्थ होते. कापडधंद्यातलं घराणं, व्हिग पक्षाचे सनातनी मतदार, समझोत्याचे पुरस्कर्ते. त्यांनी एका पत्रात लिहिलं की रात्री आम्ही जुन्या वळणाचे समझोतावादी म्हणून झोपलो आणि सकाळी उठलो ते वेडे गुलामगिरीविरोधक होऊन. लॉरेन्स यांनी केवळ पत्रं लिहिली नाहीत. कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी कुटुंबं वसवणाऱ्या कंपनीत त्यांनी पैसा ओतला, आणि कंपनीने तिथे वसवलेल्या पहिल्या गावाला त्यांचंच नाव दिलं गेलं. म्हणजे दक्षिणेच्या कापसावर उभा राहिलेला पैसा दक्षिणेविरुद्ध रायफली विकत घेऊ लागला.

शेजारच्या मिझुरीतून उत्तर आलं. ३० मार्च १८५५ ला कॅन्ससच्या विधिमंडळासाठी मतदान झालं, तेव्हा जनगणनेप्रमाणे मतदार होते २,९०५ आणि पडलेली मतं होती ६,३०७. सरहद्द ओलांडून आलेले हत्यारबंद मिझुरीवाले मतं टाकून घरी परतले होते. या विधिमंडळाला वॉशिंग्टनने मान्यता दिली. २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीवाद्यांच्या टोळीने लॉरेन्स गाव लुटलं, छापखाने फोडले, हॉटेल जाळलं. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर आपल्या बाकावर लिहीत बसले असताना साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी त्यांना काठी मोडेपर्यंत झोडपलं. समनर यांनी कॅन्ससवरच्या भाषणात ब्रुक्स यांचे नातलग सिनेटर बटलर यांची बेअब्रू केली होती, हे खरं. ते भाषण आजही वाचवत नाही इतकं विखारी आहे. पण ब्रुक्स यांना कोर्टाने केवळ ३०० डॉलर दंड केला, त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं आणि दक्षिणेतून लोकांनी त्यांना नव्या काठ्या भेट पाठवल्या. दोनच रात्रींनंतर कॅन्ससमध्ये जॉन ब्राउन आणि त्याच्या माणसांनी पाच गुलामगिरीवाद्यांना घरातून बाहेर ओढून तलवारींनी मारलं. तिथून पुढे कुणी समझोता सुचवला, तरी तो ऐकायला मधली माणसं उरली नव्हती.

त्याच १८५६ च्या जानेवारीत ओहायोत जे घडलं, ते तेव्हाच्या वृत्तपत्रांत महिनाभर गाजलं. केंटकीहून गोठलेली ओहायो नदी ओलांडून एक कुटुंब सिनसिनाटीला पोचलं. मार्शल आणि मालक दाराशी आले, तेव्हा मार्गारेट गार्नर या आईने परत जाण्यापेक्षा मुलं मेलेली बरी म्हणून आपल्या लहान मुलीचा गळा चिरला. पुढचा कायदेशीर पेच विलक्षण होता. तिच्या बाजूचे लोक म्हणत होते, तिच्यावर खुनाचा खटला चालवा. कारण खुनाचा खटला ओहायो राज्याचा. तो चालला तर ती ओहायोत राहिली असती आणि खून करणारी म्हणून का होईना, कायद्याने माणूस ठरली असती. केंद्राचा आयुक्त म्हणाला, ती मालमत्ता आहे, परत द्या. केंद्राचा कायदा वरचढ ठरला. मार्गारेटला केंटकीला आणि पुढे आणखी दक्षिणेला पाठवलं गेलं. १८५८ मध्ये ती विषमज्वराने गेली.

विस्कॉन्सिनने तर सरळ बंड केलं. १८५४ मध्ये मिलवॉकीच्या लोकांनी जॉशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला तुरुंग फोडून सोडवलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवून आरोपी संपादक शर्मन बूथ यांना मुक्त केलं. राज्याने केंद्राला ‘तुझा कायदा इथे चालणार नाही’ असं सांगण्याची ही कल्पना कॅल्हून यांनी गाजवलेली. आता ती शत्रूच्या हाती लागली होती. १८५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विस्कॉन्सिनला खाली बसवलं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी दोनच वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं होतं, की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि केंद्राच्या मुलखात गुलामगिरीला मनाई करण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. तिकडे १८५४ च्या संतापातून जन्मलेल्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच ती मनाई हा होता. निकालाने पक्ष संपेल, असं ज्यांना वाटलं, त्यांनी पुढच्या तीन वर्षांत त्याचे मतदार वाढताना पाहिले. अब्राहम लिंकन १८६० मध्ये चाळीस टक्क्यांहून किंचित कमी मतं घेऊन निवडून आले. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर त्यांच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या.

२० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं आणि चार दिवसांनी त्याने आपली कारणं जाहीर केली. राज्यांचे हक्क हा शब्दप्रयोग ऐकत मोठ्या झालेल्या माणसाने हा जाहीरनामा अवश्य वाचावा. त्यातली मोठी तक्रार अशी, की उत्तरेची राज्यं आपापले कायदे करून फरारी गुलाम परत देत नाहीत, न्यूयॉर्क तर मालकाला गुलाम घेऊन आपल्या हद्दीतून जाऊही देत नाही. उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हा गुन्हा.

युद्ध सुरू झालं तरी कायदा पुस्तकात होताच. २३ मे १८६१ ला व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघायला मंजुरी दिली. त्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रोला आले. दुसऱ्या दिवशी बंडखोर सैन्याचा एक मेजर पांढरं निशाण घेऊन दारात उभा. त्याने फरारी गुलामांच्या कायद्यान्वये आपल्या कर्नलची मालमत्ता परत मागितली. किल्ल्यावरचा सेनापती बेंजामिन बटलर हा लॉवेलच्या गिरणगावातला चलाख फौजदारी वकील. वर्षापूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्याने पुढे बंडखोरांचा अध्यक्ष झालेल्या जेफर्सन डेव्हिसला पन्नासपेक्षा जास्त फेऱ्यांत मत दिलं होतं. त्याने मेजरला उत्तर दिलं: तुम्ही स्वतःला परकं राष्ट्र म्हणवता, आणि आमचा कायदा परक्या राष्ट्राला लागू नाही. तुमचा कर्नल इथे येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घेत असेल, तर माणसं देतो. कर्नल आला नाही. काही दिवसांत किल्ल्याकडे बायकामुलांसह शेकडो लोक चालत येऊ लागले. निष्ठावंत राहिलेल्या सीमेवरच्या राज्यांमधल्या मालकांसाठी कायदा मात्र आणखी तीन वर्षं जिवंत ठेवण्यात आला. लिंकन यांनी तो रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली ती २८ जून १८६४ ला.